चौदा नंबरची सावली

मंगळवारी दुपारी टॉलिव्हर कॉलेजने आपल्या फुटबॉल कोचला नारळ दिला, आणि बुधवारी सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाला फुटबॉल, वैद्यकशास्त्र, कायदा आणि मुलांचं संगोपन या चारही विषयांतलं सगळं समजायला लागलं.

मर्ल हॅस्क्यूला तर ते आधीपासूनच समजत होतं. सदुसष्ट वर्षांचा, गवत कापायची यंत्रं विकून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी साडेसातपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन कानाला लावून बसला होता. रेडिओवर 'बोकडांची बैठक' चालू होती. ओक्लाहोमाच्या त्या भागात बोकड म्हणजे कॉलेजचा संघ, आणि फुटबॉल म्हणजे हेल्मेट चढवून एकमेकांवर आदळायचा अमेरिकन खेळ. शाळेच्या संघाचं चिन्हही बोकड, पूर्वी तर जिवंत पाळलेला, चर्चच्या पोरांच्या संघाचंही बोकडच. तर या बैठकीत गावातली माणसं फोन करून एकमेकांची अक्कल काढायची, आणि मर्लचा नंबर सातवा होता.

"पाणी मागितलं की पोरांना गुडघ्यांवर रांगत मैदानाला फेरी मारायला लावायचा म्हणे तो कोच," बटाटे सोलता सोलता त्याची बायको वँडा म्हणाली. "भर उन्हात. पेपरात आलंय."

"मग? रांगल्यानं कुणी मरतं होय? तान्ही बाळं काय करतात?"

"एक पोरगा चक्कर येऊन पडला. तीन दिवस दवाखान्यात होता."

"कॉर्डेल मेझ! एकशे चाळीस किलोचं धूड! एवढं अंग आणि उन्हाला भितंय! अगं, आमच्या वेळी पाणी मिळतच नव्हतं. थेंबसुद्धा नाही! काय वाईट झालं आमचं?"

वँडाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट पाहिलं. उत्तर अगदी तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात मर्लचा फोन लागला आणि तिने ते बटाट्याच्या सालांबरोबर टाकून दिलं.

कोच हॉयट क्रॅबट्रीवरचा चौकशी अहवाल नव्वद पानांचा होता. गावात तो कुणीही वाचला नव्हता, त्यामुळे चर्चेत कसलाही अडथळा येत नव्हता. गावाचे सरळ दोन तट पडले होते. एक मर्लचा: कोचला परत आणा, त्याने पोरांना मर्द बनवलं. दुसऱ्या तटाचा म्होरक्या डॉइल पिकरेल, निवृत्त दातांचा डॉक्टर. हा कॅन्ससहून येऊन इथे एकतीस वर्षं राहिलेला, तरी गावाच्या लेखी अजून पाहुणाच. आता डॉइलच्या बाजूला पोरांचा कळवळा होता असं कुणी समजू नये. त्याचं म्हणणं एवढंच, की हा माणूस पोरांना पाण्यावाचून तडफडवतो आणि तरी वर्षाला पाच सामने हरतो, म्हणजे सगळा छळ फुकट गेला की! जिंकला असता तर डॉइलने स्वतःच्या हाताने नळाला कुलूप घातलं असतं.

"हं, बोला मर्लभाऊ," रेडिओवरचा रस्टी म्हणाला. लोकांच्या घराला काडी लावायची आणि मधे जाहिराती वाजवायच्या, हा रस्टीचा धंदा.

"रस्टी, मी स्वतः शाळेच्या संघात होतो. आमच्या वेळी पाणी नव्हतं, लाड नव्हते. तासभर उन्हात उभं राहिलं म्हणून कुणी मरत नाही. अरे, मी या वयात राहून दाखवतो! पूर्ण पोशाखात! हेल्मेटसकट!"

"कधी?"

हा प्रश्न मर्लच्या हिशेबातच नव्हता.

"हॅलो? मर्लभाऊ, कधी?"

मर्ल मूर्ख होता, पण पाव शतक यंत्रं विकलेला मूर्ख होता. त्याने पटकन डोकं चालवलं. गावातला पहिला सामना संध्याकाळी सातला. तोवर ऊन कलतं. "पहिल्या सामन्याच्या दिवशी," तो म्हणाला, "सामन्याआधी दीड तास. माझ्या स्वतःच्या जागेवर. चौदा नंबरला."

पुढचाच फोन डॉइलचा. "रस्टी, त्याला सांग, तासभर उभा राहिला तर मी कोचला परत आणायच्या अर्जावर सही करतो. नाही राहिला, तर चौदा नंबर माझा."

वँडाच्या हातातली सुरी थांबली.

चौदा नंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेरच्या आवारात गाड्या लावायच्या, मागे तंबू ठोकायचा, शेगडी पेटवायची आणि चार तास खात-पीत, ओरडत बसायचं. ज्याची जागा जितकी फाटकाजवळ, तितका तो माणूस मोठा. लोक सुना आणतात, नातवंडं होतात, तरी यादीतला नंबर पुढे सरकत नाही. डॉइल एकतीस वर्षं अगदी मागे, खडीवर, त्रेसष्ट नंबरला तापत होता. आणि चौदा नंबर फाटकासमोर तर होताच, शिवाय त्या अख्ख्या आवारातलं एकुलतं एक झाड, एक जुना ओक, त्याच्या पश्चिमेला उभा होता. चारनंतर गार सावली. ही जागा वँडाच्या बापाची. तो गेल्यावर त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची राख वँडाने त्या झाडाच्या बुंध्याशी टाकली होती.

"कबूल!" मर्ल फोनमध्ये गरजला, कारण अख्खं गाव ऐकत होतं.

त्याने फोन ठेवला.

"माझा बाप आहे तिथं, मर्ल."

"अगं, संध्याकाळचे साडेपाच! वर झाड! सावलीत उभं राहायचंय तासभर, नुसतं! त्या दातपाड्याला मी असा गुंडाळलाय बघ."

वँडा उरलेले बटाटे जरा जास्तच जोरात सोलत राहिली.

सामन्याला आठ दिवस असताना टीव्हीवाल्यांनी वेळ बदलली. संध्याकाळी सात नव्हे, दुपारी बारा. टीव्हीवाले अशा वेळी कुणाला विचारत नाहीत, आणि त्यांनी सांगितलं असतं तर टॉलिव्हरने नाताळसुद्धा जूनमध्ये केला असता. याचा अर्थ मर्लला सकाळी साडेदहाला उभं राहायचं होतं. मर्ल गाडी घेऊन सकाळी साडेदहाला झाड बघायला गेला. झाड जागेवरच होतं. सूर्य मात्र दुसऱ्या बाजूला होता, आणि ती घनदाट सावली चौदा नंबरकडे पाठ फिरवून पलीकडच्या फिरत्या संडासांच्या रांगेवर निवांत पसरली होती.

घरी आल्यावर मर्लला अचानक गुडघा आठवला.

"माझा गुडघा जरा..."

"कुठला?" वँडाने विचारलं.

"डावा."

"काल उजवा होता. हे बघ मर्ल, तोंड चालवताना गुडघ्याला विचारलं होतंस का? आता उभा राहा. बाबांची जागा त्या माणसाकडे गेली ना, तर मी तुझ्याबरोबर खडीवर येऊन बसेन असं समजू नकोस."

सामन्याच्या दिवशी नऊ वाजताच ऊन पिसाळलेलं होतं. मर्लच्या तटाने त्याला पोशाख चढवला. खांद्यांवरची ढाल वीस वर्षांच्या पोरासाठी बनवलेली. ती मर्लच्या पोटावर टेकून वर उचलली गेली आणि त्याची मान आत गडप झाली. हेल्मेटमध्ये कुणाच्या तरी दहा वर्षांपूर्वीच्या घामाचा वास होता. हनुवटीखालचा पट्टा दोघांनी मिळून ओढला. साडेदहाला डॉइलने खडूने डांबरावर गोल काढला, घड्याळ सुरू केलं, स्वतः छत्रीखाली खुर्ची टाकली आणि बर्फात हात घालून एक बाटली काढली.

पहिली पाच मिनिटं मर्ल रुबाबात होता. त्याने दोन बोटं वर करून फोटोही काढू दिले. सातव्या मिनिटाला डांबराची उष्णता बुटांतून वर आली. दहाव्या मिनिटाला घाम डोळ्यांत उतरला, आणि पुसावा तर मधे हेल्मेटची लोखंडी जाळी. बाराव्या मिनिटाला तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

"वाकायचं नाही! ताठ! ताठ राहा, लेका!" ही डॉइलची माणसं नव्हती ओरडत. हे मर्लचेच दोस्त, 'कोच परत आणा' असं छापलेले बनियन घालून, एका हातात भाजलेल्या बरगड्या आणि दुसऱ्या हातात बिअर घेऊन ओरडत होते. "दाखव त्या नाजूक पोरांना!"

वँडा पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. तिला त्याच दोस्तांनी कडं करून अडवलं.

"वहिनी, नका. त्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"त्याचं तोंड बघा, बीट झालंय!"

"तोच तर मर्दपणा, वहिनी! बाजूला व्हा, तुमच्यामुळे दिसत नाही."

आतून मर्लला ओरडावंसं वाटत होतं, की अरे येऊ द्या तिला, येऊ द्या! पण जीभ टाळूला चिकटली होती, आणि बाहेर जो आवाज निघाला तो लोकांना गर्जनेसारखा वाटला. टाळ्या पडल्या. आपल्याला कुणा शत्रूने पकडून ठेवलेलं नाही, आपल्याच माणसांनी पकडून ठेवलंय, हे मर्लच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं. पण त्या गोलाच्या मधोमध त्या समजुतीचा काही उपयोग नव्हता.

एकविसाव्या मिनिटाला बँड वाजला आणि जनरल आला. जनरल म्हणजे कॉलेजचा जिवंत बोकड, पांढराशुभ्र, शिंगांना रंग लावलेला. सामन्याआधी त्याला फाटकासमोरच्या प्रत्येक जागेवर फिरवतात, लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून नवस बोलतात. जनरलच्या डोक्यावर छत्री होती. त्याच्या गाडीला पंखा होता. बरोबर जनावरांचा डॉक्टर होता, कारण उन्हात बोकडाला दर पंधरा मिनिटांनी पाणी पाजायचंच, असा कॉलेजचा लेखी नियम होता. पोरांसाठी असा नियम करायचा राहून गेला होता, इतकंच.

डॉक्टरने निळी बादली मर्लपासून चार पावलांवर ठेवली. पाण्यात बर्फाचे खडे किणकिणले. जनरलने तोंड घातलं आणि सावकाश, चवीने प्यायला सुरुवात केली.

"बघा कसा पितोय, शहाणा!" मर्लचे दोस्त कौतुकाने म्हणाले. "पी बाळा, पी. काय ऊन आहे!"

मर्लने ते ऐकलं, आणि त्याच्या डोक्यातलं काहीतरी सुटलं. तो गोलाबाहेर पडला, बोकडाला ढकललं आणि हेल्मेटसकट डोकं बादलीत खुपसलं.

पाणी मिळालं, पण नाकातून. जाळीमुळे तोंड पाण्यापर्यंत नीट पोचेना. म्हणून त्याने आणखी खाली रेटलं, तर बादलीची कडी जाळीत अडकली. तो घाबरून उभा राहिला, तशी बादलीही उभी राहिली. त्याच वेळी जनरलने दोन पावलं मागे घेऊन त्याच्या पार्श्वभागाला अशी धडक दिली, की मर्ल डोक्यावर बादली घेऊन आंधळ्यासारखा पळत सुटला आणि थेट डॉइलच्या टेबलावर, वालाच्या उसळीसारख्या गोड बीन्सच्या परातीत आडवा झाला.

कोणीतरी किंचाळलं, "बोकडाचं पाणी! हरामखोर बोकडाचं पाणी प्यायला!"

अख्खी गर्दी धावली, ती जनरलकडे. कोणी त्याचे पाय चाचपले, कोणी त्याला वारा घातला. एक बाई रडायला लागली. मर्ल उसळीत पडून होता. त्याच्याकडे दोनच माणसं आली. एक वँडा. दुसरा प्रथमोपचाराच्या तंबूतून आलेला दाराएवढा तरुण. त्याने एका झटक्यात कडी सोडवली, पट्टा काढला, हेल्मेट ओढून काढलं, मर्लच्या काखांत बर्फाच्या पिशव्या खुपसल्या आणि त्याचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"हळू, काका. एकदम नका पिऊ. एक घोट... थांबा... आता दुसरा."

मर्लने डोळे उघडले. हा चेहरा त्याने पेपरात पाहिला होता. "तू... मेझ?"

"हो, कॉर्डेल. खेळ सोडला. आता नर्सिंग शिकतोय." त्याने डॉइलच्या घड्याळाकडे नजर टाकली. "तेवीस मिनिटं. बरं केलंत काका. आम्हाला कोच तेवीस मिनिटं तर नुसतं रांगेत उभं करायचे. सराव त्याच्यानंतर."

हे तो टोमणा म्हणून बोलला नव्हता, आणि म्हणूनच मर्लला ते फार झोंबलं. त्याने तोंड फिरवलं आणि तिसरा घोट घेतला.

पोरांच्या छळाची चौकशी कॉलेजने दोन वर्षं रेंगाळत केली होती. बोकडाच्या छळाची चौकशी तीन दिवसांत आटोपली. पाच जणांची समिती बसली, साक्षी झाल्या, जनरलचं वजन केलं गेलं. मर्लला लेखी माफी मागावी लागली, आणि चौदा नंबर रीतसर डॉइलच्या नावावर झाला. कोचचं म्हणाल, तर नव्या कोचने त्याच दिवशी एक्केचाळीस-सात असा सामना मारला. सोमवारपर्यंत 'कोच परत आणा'वाल्या बनियनांची गाड्या पुसायची फडकी झाली, आणि क्रॅबट्री राक्षस आहे हे आपण पहिल्यापासूनच सांगत होतो, अशी प्रत्येकाची खात्री पटली.

दुसरा सामना दोन आठवड्यांनी, संध्याकाळी सातला. चार वाजता चौदा नंबरवर गार सावली पडली होती. त्या सावलीत डॉइल बसला होता, डॉइलची बायको बसली होती, आणि त्यांच्या शेजारी, ओकच्या बुंध्याला खुर्ची टेकवून, वँडा बसली होती. डॉइलने स्वतः तिला बोलावणं पाठवलं होतं. "तुमचे वडील इथं आहेत, तुम्ही कुठं जाता?" असं तो म्हणाला होता. दातांच्या डॉक्टरकडून एवढ्या माणुसकीची वँडालाही अपेक्षा नव्हती. तिने बटाट्याचं सॅलड नेलं होतं.

मर्ल मागे खडीवर, त्रेसष्ट नंबरला. झाड नाही, नळ नाही. तंबूही नाही, कारण तंबू वँडाच्या गाडीत राहिला होता. बर्फ तीनलाच वितळला होता. तासाभराने त्याने फोन काढला. सामन्याच्या दिवशी 'बोकडांची बैठक' आवारातूनच व्हायची आणि प्रत्येक गाडीत तीच लागलेली असायची.

"रस्टी, नाव सांगत नाही. एक ज्येष्ठ नागरिक बोलतोय. मागच्या खडीवर माणसांना उन्हात बसवतात, पाण्याची सोय नाही. हा अमानुष प्रकार आहे! वयस्कर माणसाचा छळ आहे हा! कॉलेजनं चौकशी करावी!"

"मर्लभाऊ," रस्टी गोड आवाजात म्हणाला, "तासभर उन्हात बसल्यानं कुणी मरत नाही ना?"

साठ-सत्तर गाड्यांतून एकदम हसू फुटलं.

"ते वेगळं!" मर्ल चिडला. "मी शाळेच्या संघात होतो! आमच्या वेळी पाण्याचा थेंब मिळत नव्हता, कुणालाही विचार!"

"कुणाला विचारू? थांबा हं, दुसरा फोन आहे. बोला वँडाताई."

मर्लने मान उंचावून चौदा नंबरकडे पाहिलं.

"रस्टी," वँडाचा आवाज सावलीत बसल्यासारखाच शांत होता, "त्याला विचार, संघात तो कुठल्या जागी खेळायचा."

"सांगा, मर्लभाऊ?"

मर्लने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"मी सांगते. मी बँडमध्ये होते, रोज समोरच उभी असायचे. हा खेळायचा नाही. हा पाण्याची कॅन घेऊन उभा असायचा. त्या वेळचा कोचही असाच होता. पोरं मागतील तरी द्यायचं नाही, असा त्याचा हुकूम. पन्नास वर्षं मी गप्प बसले, नवऱ्याची अब्रू म्हणून. पण बाबांची जागा गेली, आता कसली अब्रू? मला एवढंच कळत नाही, रस्टी. भरलेली कॅन रोज सकाळी जायची आणि संध्याकाळी रिकामी परत यायची. पोरांना तर थेंब मिळत नव्हता, हा स्वतःच सांगतोय. मग ते पाणी जायचं कुठं?"

सगळ्या आवारात शेगड्यांवरचं मांस चुरचुरत राहिलं. कुणी उलटवेना. प्रत्येक गाडीतून तो एकच प्रश्न ऐकू आला होता, आणि आता प्रत्येक जण रेडिओकडे बघत होता.

"मर्लभाऊ?" रस्टीनेही आवाज खाली आणला. "पाणी जायचं कुठं?"

खरखरीतून मर्लचा आवाज आला, एवढा लहान की लोकांना बटण फिरवून वाढवावा लागला.

"प्रेक्षकांच्या बाकांखाली सावली असायची," तो म्हणाला. "तिथं बसून प्यायचो. पण सगळं नाही हं, रस्टी. निम्मं बोकडाला द्यायचो."